दावं हातात पडल्यावर

जे जनावर आवडलं असेल त्याच्याकडे दोनदा बघायचं नाही, हे मी चौदाव्या वर्षी शिकलो. एकदाच बघायचं. पाय, दात, पाठ काय ते टिपून घ्यायचं आणि मग शेजारच्या जनावराची चौकशी सुरू करायची. आवडलेल्याला मात्र नावं ठेवत राहायचं. ह्याचं पोट सुटलंय, ह्याचा मागचा पाय बघा कसा पडतोय. विकणारा आधी चिडतो, मग मऊ होतो, मग भाव उतरतो. माझ्या वडिलांकडे मेंढरं होती, पण ती दुसऱ्यांची, वाट्याने राखलेली. माझ्या वाट्याला त्यांची काठी आणि घोंगडी आली. बाकीचं सगळं मी ह्या एका विद्येवर उभं केलं. शेळ्या-बोकडांचा व्यापार, पेंडीचं दुकान, चार खोल्यांचं घर आणि मुलीचं अंबाजोगाईच्या कॉलेजातलं शिक्षण.

ही विद्या बाजारात ठेवून घरी येता येत नाही, एवढीच तिची खोड. आमच्या घरात आवडलेल्या वस्तूला चांगलं म्हणायची रीतच राहिली नाही. बायकोला जी साडी घ्यायची असेल तिला ती दुकानात "पोतेरं" म्हणते. मुलगी पाच वर्षांची असताना जत्रेत चावीच्या मोराकडे बोट दाखवून म्हणाली, "बप्पा, ह्यो मोर लई घाण हाय." डोळे मात्र मोरावरून हलत नव्हते. मी मोर निम्म्या भावात घेतला, पोरीला खांद्यावर घेतलं आणि भेटेल त्याला सांगत सुटलो की ही माझ्यावर गेली.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे कॅमेऱ्याच्या बाबतीत जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाच्या घरात झाली नसती.

फोटोचा नाद तिला कॉलेजात लागला. शिक्षण संपल्यावर तालुक्याच्या गावातल्या एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे ती दोन लग्नसराया कामाला गेली. तो तिला बायकांमध्ये पाठवायचा. हळदीला, नवरी सजताना, ओटी भरताना. तिथे त्याला कुणी उभं करत नसे. जीव असलेले फोटो तिथेच निघायचे, पण अल्बमवर शिक्का त्याच्या स्टुडिओचा. एकदा तिला आणायला गेलो तर दुकानाच्या काचेत हा एवढा मोठा फोटो लावलेला. नवरीच्या गालाला हळद लावता लावता तिची मावशी रडतही होती आणि हसतही होती. मी ओळखला. मुलीने मला तो मोबाइलवर दाखवला होता.

मी म्हणालो, "ह्यो आमच्या पोरीनं काढलेला हाय. खाली तिचं नाव कावून न्हाई?"

"काढला तिनं, पण कॅमेरा माझा हाय ना मामा," तो म्हणाला. मुलीकडे त्याने एक लहानसा जुना कॅमेरा दिलेला होता आणि स्वतःच्या छातीवर मोठा लटकवलेला होता. त्या मोठ्यावर हात ठेवून तो पुढे म्हणाला, "आन् पोरींच्या हाताला लहानच बरा. असला मोठा पेलत न्हाई त्यांना."

मी त्याची कॉलर धरली. मला राग आला की आधी हात पुढे जातो, डोकं मागून येतं. दोन माणसांनी आम्हाला सोडवलं. मुलीचं काम तिथेच सुटलं. मोटारसायकलवर ती मागे बसली. अर्धा रस्ता सरला. मग म्हणाली, "भांडण तुमचं होतं बप्पा. काम माझं गेलं."

पण त्या माणसाचा राग मी पोटात धरून ठेवला. तो अजून तिथेच आहे.

पंधरा दिवसांनी तेलगावहून तिला फोन आला. ऊस-कापसाची मोठी शेती असलेलं घर. मागच्या साली त्यांच्या नात्यातल्या एका लग्नात तिने बायकांचे फोटो काढले होते आणि आता घरच्या बाईने मुलीच्या लग्नाला तिलाच बोलावलं होतं. हळदीपासून पाठवणीपर्यंत, नवरीकडचे सगळे फोटो. तिच्या स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच काम. ते नीट झालं तर त्या एका घराच्या गोतावळ्यातून तिला दहा लग्नं मिळणार होती. फसलं तर मान खाली घालून पुन्हा त्याच फोटोवाल्याच्या दारात. लग्नाला महिना होता आणि तिच्याकडे कॅमेरा नव्हता.

मी म्हणालो, "कॅमेरा मी घेणार. त्याच्यापेक्षा लहान घ्यायचा न्हाई."

दुकानात जाण्याआधी तिच्या मनगटाबद्दल सांगायला हवं. ती गोष्ट मी कुणाला सांगत नाही.

आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली एकमेकांत असतात आणि बोटं दाबून आकडे सांगायचे, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. हात आत असेपर्यंत इकडे तिकडे बघायचं नाही. हात काढला की सौदा मोडला. मुलगी नऊ वर्षांची असताना सुट्टीत माझ्याबरोबर बाजारात आली होती. एका दांडग्या बोकडाचं दावं मी तिच्या हातात दिलं, "सोडू नको बरं का" म्हणालो आणि उपरण्याखाली हात घातला. निसटू नये म्हणून तिने दावं मनगटाला गुंडाळून घेतलं. मागून टेम्पोने हॉर्न वाजवला आणि बोकड उधळला. तिने "बप्पा" अशी हाक मारली.

मी ती ऐकली. हे बायकोलाही सांगितलेलं नाही. मी हाक ऐकली आणि आणखी एक बोट दाबलं, कारण समोरचा उतरत आला होता. सौदा झाल्यावर मान वर केली. बोकडाने तिला शेंगावाल्याच्या गाड्यापर्यंत फरफटत नेलं होतं. तिने दावं सोडलं नव्हतं.

टेम्पोत माल भरलेला होता म्हणून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात न जाता वाटेतल्या एका हाड बसवणाऱ्याकडे नेलं. हाड बसलं, पण थोडं तिरकं बसलं. काही जाणवत नाही असं ती म्हणायची आणि मी ते खरं धरून चाललो. त्या दिवसाचा विषय निघाला की मी बोकडाला शिव्या देतो.

बीडला कॅमेऱ्याच्या दुकानात आम्ही सकाळीच पोचलो. दुकानदार चष्मेवाला, माझ्याच वयाचा, सावकाश बोलणारा. त्याने काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक लहान, नव्याने शिकणाऱ्यांसाठीचा. दुसरा मधला, म्हणजे धंदा करणारे घेतात त्यातली पहिली पायरी. किंमत लहानाच्या जवळजवळ दुप्पट.

"फोटोत फार फरक पडत नाही," तो म्हणाला. "दोघांच्या आतली फोटो धरणारी पट्टी जवळपास सारखीच हाय. मोठ्याचं अंग मजबूत, धूळ-पाणी कमी शिरतं. दोन चाकं हायेत, त्यामुळं उजेड पटकन कमी-जास्त करता येतो. एका दमात जास्त फोटो निघतात. आन् डोळा लावायची खिडकी मोठी."

मुलीने मोठा उचलला आणि खिडकीला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. खाली ठेवताना तिने तो उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि मग काचेवर ठेवला. पुन्हा एकदा त्याच्याकडे बघितलं. मी मोजत होतो. तीनदा बघितलं तिने. मग लहान उचलला, दोन फोटो काढले आणि म्हणाली, "मला ह्यो लहान बरा हाय बप्पा. उरलेल्या पैशात एक चांगली लेन्स घेऊ."

दुकानदारानेही मान हलवली. "बरोबर बोलली. मांडवात उजेड कमी असतो. तिथं कॅमेऱ्यापेक्षा लेन्स कामाला येते. मी तर हेच सांगीन."

आता माझ्या जागी दुसरा बाप असता तर म्हणाला असता, बरं, दे लहान. पण मी काय ऐकलं? मुलगी मोठ्याकडे तीनदा बघते आणि लहान बरा म्हणते. म्हणजे चावीचा मोर. पोरगी भाव पाडायला बसली आहे, आणि वर बापाचे पैसेही वाचवते आहे. माझा ऊर भरून आला. आणि दुकानदार? विकणारा स्वतःहून स्वस्त माल पुढे करतो तेव्हा तो माल त्याच्याकडे पडून असतो, हे बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. शिवाय मी दोन्ही कॅमेरे दोन हातांत घेऊन तोलले होते. मला हाताने वजन कळतं, बोकड उचलला की किती मटण पडेल ते मी सांगतो. लहान कॅमेरा हातात आहे की नाही तेही कळत नव्हतं. आमच्या धंद्यात जड तोच माल.

आणि तो फोटोवाला डोळ्यांसमोरून हटत नव्हता.

"हा मोठा लई भंगार दिसायलाय," मी दुकानदाराला म्हणालो. "किती दिवस पडून हाय?"

मुलीने माझ्याकडे चमकून बघितलं. "बप्पा, नको. खरंच लहान—"

"तू गप बस माय," मी म्हणालो आणि तिला डोळा मारला.

मग मी उपरणं काढून काचेवर पसरलं आणि त्याखालून हात पुढे केला. दुकानदाराला काही कळेना. त्याने उपरण्याखाली हात घातला आणि माझ्याशी हस्तांदोलन केलं.

"मामा, किंमत डब्यावर छापलेली हाय," तो म्हणाला.

"छापणाऱ्यानं छापली. पुसायला आमी आलोत."

दीड तास चाललं. मी दोनदा दुकानाबाहेर पडलो, एकदा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उसाचा रस पिऊन आलो. शेवटी किंमत थोडी उतरली आणि वर बॅग, कार्ड, जादा बॅटरी आणि तीन पायांचा स्टँड निघाला. दुकानदाराने चष्मा पुसला. म्हणाला, "पाव्हणं, तुमी आमच्या दुकानात बसा. मी शेळ्या वळतो."

पट्टा तिच्या गळ्यात पडला तेव्हा ती हळूच म्हणाली, "एकदा अजून त्यो लहान हातात घेऊन बघू का?"

"आता काय बघतीस? दावं हातात पडलं," मी म्हणालो.

हा आमच्यातला नियम. सौदा ठरला की विकणारा दावं घेणाऱ्याच्या हातात देतो. दावं हातात पडलं की जनावर त्याचं, मग ते लंगडो, मरो. मी आयुष्यात एकही जनावर परत केलं नाही आणि परत घेतलंही नाही. एका बाईने तिसऱ्या दिवशी शेळी परत आणली होती, खात नाही म्हणून. तिला मी भर रस्त्यात चार माणसांसमोर हाच नियम ऐकवला होता, आणि फार मोठ्या आवाजात ऐकवला होता.

परतताना मांजरसुंब्याला धाब्यावर चहाला थांबलो. मी खुशीत होतो. ट्रकवाल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सौद्याची गोष्ट तिलाच परत सांगत होतो. ती हसत होती. चहा आला तेव्हा तिने उजवा हात मांडीवर ठेवून कप डाव्या हाताने उचलला. मी बघितलं, पण वाटलं कॅमेरा जपते आहे.

पुढचे दहा-बारा दिवस ती सराव करत होती. चुलीजवळची आई, शाळेतून येणाऱ्या मुली, शेजारच्या म्हातारीचे हात. फोटो देखणे येत होते. संध्याकाळी बायको तिच्या मनगटाला कोमट तेल चोळायची. मी विचारलं तर मुलगी म्हणाली, "झोपेत हात अवघडला." एकदा पेंडीच्या काट्यावर कॅमेरा, लेन्स आणि वर बसवायचा, उसना आणलेला फ्लॅश असं सगळं ठेवून वजन बघताना मी तिला पकडलं. "काय करायलीस?" म्हटलं. "काई न्हाई, गंमत," म्हणाली आणि काट्यावरून सगळं पटकन उचललं. मीही हसलो. जड निघाला असणार, चांगलंच आहे, असं मनात म्हणालो. धंद्यात मी एवढा हुशार माणूस!

लग्नाला आठवडा उरला होता तेव्हा बाजार होता. गर्दीत फोटो काढायचा सराव होईल म्हणून तिला घेऊन गेलो. सात बोकडांचा चांगला कळप आला होता आणि तो सोलापूरकडच्या एका व्यापाऱ्यालाही हवा होता. मालकाच्या हातात हात घातला. उपरणं वर टाकलं. तो माझाच जुना ओळखीचा, तोंडाने तिखट आणि बोटांनी चिवट.

मुलगी लिंबाखाली उभी होती. समोर एक म्हातारा धनगर कोकराला पाजत होता, ती त्याचे फोटो काढत होती. चार-पाच काढले. मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. मला इतक्या लांबून दिसलं. तिने कॅमेरा खाली घेतला, हात झटकला, पुन्हा वर नेला. पुन्हा थरथर. मग कॅमेरा पडू नये म्हणून तिने त्याचा पट्टा उजव्या मनगटाला गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा. दुसरा वेढा.

तिने ह्या वेळी हाक मारली नाही.

मी हात काढला.

"आरं! कावून हात काढला बे?" मालक ओरडला. "तीन बोटांवर आलतो मी!"

"दे त्याला," मी म्हणालो आणि चालायला लागलो. मागून त्याच्या शिव्या येत होत्या. माझ्या डोळ्यांदेखत सोलापूरवाल्याने स्वतःचं उपरणं टाकून त्याच्या हातात हात घातला.

तिच्याजवळ जाऊन मी पट्टा सोडवला. मनगट सुजलेलं होतं. हाताला गरम लागत होतं.

"दुखायलंय?"

"न्हाई."

"मला फसवू नको. मी व्यापारी हाय."

ती खाली बघत म्हणाली, "थोडंफार दुखतंय. दोन तास धरला की. फ्लॅश बसवला की जरा जास्त."

"मग दुकानात कावून बोलली न्हाईस?"

"बोलले की! दोनदा बोलले, लहान बरा हाय म्हणून."

"मला वाटलं तू भाव पाडायलीस."

तिने माझ्याकडे बघितलं आणि एकदम हसायला लागली. लिंबाला टेकून, मनगट छातीशी धरून हसत सुटली. धनगरबाबाही कोकरू सांभाळत आमच्याकडे बघून हसायला लागला.

"तीनदा बघितलंस मोठ्याकडं," मी म्हणालो. "मी मोजलं."

"बघितलं," ती म्हणाली. "आवडला बी होता. त्याच्या खिडकीतून सगळं कसं मोकळं दिसतं. पण हाताला झेपणार न्हाई ते उचलल्या उचलल्या कळलं."

"मग हाताचं सांगायचं ना. मनगटाचं."

ती पट्ट्याची घडी करत राहिली. मग म्हणाली, "मनगटाचं नाव काढलं की तुमी बोकडाला शिव्या देता. आन् मग दोन दिस जेवत न्हाई नीट. आईनं बी बघितलंय. म्हणून न्हाई काढलं."

एवढी वर्षं मला वाटत होतं की ती गोष्ट मी एकट्याने झाकून ठेवली आहे.

मी तिथेच बाजाराच्या धुळीत तिला सांगितलं. हाक ऐकली होती म्हणून सांगितलं. आणखी एक बोट दाबलं तेही सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने माझ्या खांद्यावरचं उपरणं सरळ केलं आणि म्हणाली, "म्हाईत हाय बप्पा. तुमचं तोंड माझ्याकडंच होतं." आणि थोड्या वेळाने, "चला, चहा पाजा. सौदा तर घालवलात."

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरून आम्ही बीडला गेलो. मांजरसुंब्याला गाडी थांबली तरी मी खाली उतरलो नाही. शेळी परत आणणाऱ्या त्या बाईचा चेहरा आठवत होता. तिच्या पायात चप्पल नव्हती, एवढंच नेमकं आठवत होतं.

दुकानदाराने आम्हाला बघितलं आणि चष्मा वर सरकवला. "आता काय मागायचं राहिलं मामा?"

मी डबा काचेवर ठेवला. "ह्यो परत घ्या. आमाला त्यो लहान पायजे."

"कावून? ह्यात काय खोट निघाली?"

जीभ सवयीने वळवळली. खोट सांगायला शंभर होत्या. पण मी म्हणालो, "खोट न्हाई. माल लई चांगला हाय. पोरीच्या हाताला जड होतो. तिनं त्या दिवशीच सांगितलं होतं, मी ऐकलं न्हाई."

त्याने डबा उघडला, कॅमेरा सुरू केला आणि कसलीशी यादी काढून बघितली. आत्तापर्यंत किती वेळा बटण दाबलं गेलं हे आत लिहिलेलं असतं म्हणे. जनावराचे दात बघावेत तसं त्याने ते बघितलं. "बराच चाललाय," तो म्हणाला. "उघडलेला डबा मी नवा म्हणून विकू शकत न्हाई. वापरलेला म्हणून घेईन." आणि त्याने किंमत सांगितली.

कमी सांगितली होती. कानाच्या पाळ्या तापल्या. मुलीने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. नुसती ठेवली, दाबली नाहीत.

"बरं," मी म्हणालो.

दुकानदार बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग लहान कॅमेरा काढला, आणि मांडवातल्या उजेडासाठी त्याने सांगितलेली ती लेन्सही. वरचे पैसे मी गुपचूप भरले. बॅग, बॅटरी, कार्ड आणि तीन पायांचा स्टँड परत करावेत म्हणून मी काचेवर ओळीने मांडले. त्याने ते सगळे माझ्याकडे ढकलले. "राहू द्या. त्यो दीड तास मी विसरणार न्हाई. त्याची आठवण म्हणून ठेवा."

पट्टा माझ्या हातात द्यायला लागला तेव्हा मी मुलीकडे बोट दाखवलं. "तिच्या हातात द्या."

तेलगावच्या लग्नाला मी तिला मोटारसायकलवर घेऊन गेलो. हळद आदल्या दिवशी होती. ती आत बायकांमध्ये, मी बाहेर मांडवात पुरुषांमध्ये. दुसऱ्या दिवशी नवऱ्याकडची मंडळी आली आणि त्यांच्याबरोबर तो फोटोवालाही आला. छातीवर तोच मोठा कॅमेरा. मुलगी लेन्स बदलायला माझ्याजवळ आली होती. त्याने तिच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय मामा? शेवटी लहानच घेतला म्हणायचा!"

माझा हात पुढे जाणार एवढ्यात मुलीने तिची बॅग माझ्या पोटाशी दिली. "बप्पा, ही धरा. दोन्ही हातांनी धरा. आत लेन्स हाय." आणि निघून गेली.

दोन्ही हातांत बॅग घेऊन मी उभा राहिलो. कॉलर हाताच्या अंतरावर होती. मी त्याला म्हणालो, "हाव. तिला त्योच आवडला." बाकी जे बोलायचं होतं ते मी घरापर्यंत घेऊन गेलो आणि बायकोला ऐकवलं. त्याला मी माफ केलेलं नाही. काचेतल्या त्या फोटोखाली आजही तिचं नाव नाही.

पाठवणी संपेपर्यंत मी बॅग खाली ठेवली नाही. अधूनमधून ती दिसायची. नवरीच्या मागे, कधी स्टुलावर उभी, कधी गुडघ्यावर, बायकांच्या खांद्यांमधून वाट काढत. नवरी आणि तिच्या आईची गळाभेट चालली होती तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांना पदर होते आणि आमच्या पोरीचा कॅमेरा डोळ्याला होता. तो जराही हलत नव्हता.

ऊन उतरल्यावर मंडप मोकळा झाला. घरच्या बाईने आम्हाला दोघांना बसवून चहा दिला आणि तिला म्हणाली, "माझ्या धाकटीच्या टायमाला बी तूच यायचं बरं का ताई." मुलीने मान डोलावली. दमली होती, केसांत अक्षता अडकल्या होत्या, बोटांना हळद लागलेली होती.

तिने कॅमेरा मांडीवर ठेवला आणि कप उजव्या हाताने उचलला.

मी एकदा बघितलं. मग चांगलं निरखून दुसऱ्यांदा बघितलं.